श्वास तेवढा ठेवला

पन्नाशी आली तरी बॅनरवर मी पिंकीच आहे. घरचं नाव मालन, पण ते आता रेशनकार्डापुरतं उरलंय. बॅनरवर लिहिलेलं असतं, 'गोरक्ष-पिंकी, हळदीचे कार्यक्रम', आणि खाली आमचे फोटो, आमच्या मुलांच्या आजच्या वयाचे. गोरक्ष कीबोर्ड वाजवतो, मी गाते. तिसरं कुणी नाही. ढोलकी, सनई, बासरी, सगळं त्याच्या त्या कीबोर्डातून निघतं. नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंत ज्या नवऱ्यांना हळद लागताना आम्ही होतो, त्यांच्या मुलींच्या हळदीतही आता आम्हीच असतो.

लोक आम्हाला नवरा-बायको समजायचे. म्हणून पहिल्याच वर्षी मी त्याला गोरक्षभाऊ म्हणायला लागले आणि तो मला पिंकीताई. तेही माइकवरून, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं. नाहीतर लोकांना काय, चघळायला काहीतरी लागतंच.

गोरक्ष राहतो एकलहऱ्याला. वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या पट्ट्यावर काम करतो. दिवसभर कोळसा, संध्याकाळी कीबोर्ड. साबण लावून लावून बोटं सोलली तरी नखांतलं काळं जात नाही. बोलणं मोजकं. विचारलं तर 'हाय', 'नाय', नाहीतर तेही नाही. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या गाण्याला चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाच्या तोंडून शाबासकी निघणार नाही, असं मी आमच्या ह्यांना कितीदा म्हटलंय.

एक गोष्ट मात्र होती. बाकीच्या पार्ट्या वन-टू-थ्री-फोर म्हणून गाणं उचलतात. आमच्यात असं मोजणं कधीच नव्हतं. मी माइकपाशी श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर त्यानं पहिली पट्टी दाबायची. चुकला कधीच नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझा आवाज फाटायला लागला. वरचा सूर लावायला गेलं की नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी झाल्यात, गाणं बंद करा. माझी सृष्टी इंदिरानगरला दिलीय, ती फोनवर रोज तेच, आई आता बस कर. बस कर म्हणायला काय जातंय? दुसरं येतंय काय मला? आणि खरं सांगायचं तर मी दमले होते. उभं राहून दमले, नटून दमले, 'अजून एक होऊन जाऊ द्या' ऐकून ऐकून दमले. पण दमले म्हणायची सोय नव्हती, कारण मी थांबले की गोरक्ष-पिंकी थांबणार.

अशात साउंडवाल्या रविराजनं सांगितलं, भाऊ अल्बम करतायत, तुम्हाला माहीत असेलच. मला कुठलं माहीत! त्यात गाणी नाहीत म्हणे, ताल नाही, काहीतरी वेगळाच प्रयोग आहे. माझं डोकंच फिरलं. गाणी नाहीत म्हणजे गाणारी नाही. एवढी वर्षं घासली, आणि आवाज गेला तर भाऊंनी पिंकीच काढून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो.

रविवारी सकाळी रिक्षानं एकलहरे गाठलं. चांगुणानं, म्हणजे गोरक्षच्या बायकोनं, चहा ठेवला. माझं तोंड बघून ती काही न विचारता मागे धुण्याला गेली. मी कपाला हातसुद्धा लावला नाही. जे जे मनात होतं ते सगळं त्याला ऐकवलं. नाव दोघांचं आहे, फोटो दोघांचे आहेत, मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही का, सगळं. माझं संपल्यावर त्यानं उठून स्पीकर लावला.

आधी नुसती घरघर. वीजकेंद्राचा आवाज तो, त्यांच्या घरात दिवसरात्र येतो. मी म्हटलं, झालं, आता हे ऐकायचं. मग मध्येच कुणीतरी श्वास घेतला आणि त्याच्यावर कीबोर्डचा एकच लांब सूर आला. पुन्हा श्वास, पुन्हा सूर. गाणं येईल म्हणून मी थांबले, ते आलंच नाही. पुढे कुणीतरी खाकरलं. 'हॅलो, चेक' म्हटलं. तेव्हा कळलं, ही मीच.

पहिल्या कॅसेटपासून तो प्रत्येक कार्यक्रम भरून ठेवत आला होता. त्यातली सगळी गाणी कापून त्यानं माझे श्वास तेवढे ठेवले होते, तेही वर्षांच्या क्रमानं लावलेले. सुरुवातीचे भरलेले, चपळ. मग जड होत गेले, मग आखूड. शेवटचे तर जिना चढून आलेल्या बाईसारखे. लाज वाटली मला. जे मी पदर लावून, माइक लांब धरून लपवलं, नेमकं तेच यानं राखून ठेवलं होतं.

"भाऊ, मी एवढी दमले होते?"

"मला ऐकू यायचं," तो म्हणाला. "म्हणून तर मी सूर उतरवत आलो. बोटं त्याच पट्ट्यांवर, नुसतं बटण दाबून सूर खाली घ्यायचो. तुम्हाला सांगितलं नाय."

मी आपली तोऱ्यात होते, की अजून तरुणपणाच्याच सुरात गाते म्हणून! मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. मी डोळे पुसले नि म्हटलं, "सगळीकडे श्वास घेतलाच आहे की. सोडलाय कुठं?"

"सोडला त्याची गाणी झाली. ती लोकांनी ऐकली." त्यानं माइक माझ्याकडे सरकवला. "शेवटची जागा मोकळी ठेवली हाय. सोडा, ताई."

मी म्हटलं, आधी त्या येत्या सिन्नरच्या हळदीला नाही म्हणून कळवा. त्यापुढच्याही सगळ्यांना. त्यानं होकाराची मान हलवली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

सवयीनं मी श्वास घेतला. सवयीनं त्याचा हात पट्ट्यांवर गेला, पण त्यानं दाबलं काही नाही. हात तिथेच धरून बसला. मग मी सोडला. कसला सूर नाही, शब्द नाही, नुसता श्वास. एवढा कुठून साठला होता कोण जाणे, संपेचना. चांगुणा ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली, तरी मी सोडतच होते.