अत्येनं हलवलेला कॅमेरा

"अम्मा गेली," माझा आतेभाऊ रघू फोनवर म्हणाला. माझी सीताअत्या तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरी, दुपारची कॉफी पिऊन खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. त्याला आता पाच आठवडे झाले.

अत्येनं तीस वर्षं एका ग्रंथालयात जुन्या पोथ्यांचे फोटो काढले. स्टँडवर घट्ट बसवलेला कॅमेरा, रोखलेला श्वास, पानामागून पान. एक अक्षर पुसट आलं तरी ते पान पुन्हा काढायचं. म्हणून निवृत्तीनंतर तिनं काढलेले फोटो बघून मी आणि तिचा मुलगा रघू चक्रावलो. पितळी घागरीवरून भिंतीवर उडालेलं ऊन होतं, आणि शटर उघडं असतानाच अत्येनं कॅमेरा वर ओढला होता. ना घागर दिसत होती, ना भिंत. काळ्यावर नुसते सोनेरी फराटे!

"अम्मा, हात हलला की तुझा," रघू म्हणाला.

"हलला नाही रे, हलवला. तीस वर्षं आवरून धरला होता."

मग ती रोज मोपेड काढून ओरत्तनाडूच्या रस्त्यानं कालव्यांवर जाऊ लागली. पाण्यातलं माडांचं प्रतिबिंब, त्यावरून आडवा फिरवलेला कॅमेरा. पन्नास फोटो काढायचे, एक ठेवायचा. प्रिंट काढणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं, फाइल बिघडली आहे का? शहरातल्या एका प्रदर्शनवाल्यांनी तर फोटो परतच केले. देवळाच्या गोपुराचे द्या, लगेच लावतो, म्हणाले. मी तेव्हा पुण्याहून सुटीला गेले होते. अत्या मला म्हणाली, "मज गोपुर काढता येत नाही असं नाही गे. पण तें त्यांस ठाऊक आहे. ठाऊक नाही तें मी दाखवणार."

दुसऱ्याच दिवशी तिनं ओसरीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या आणि बावीस फोटो टांगले. दोन दिवस फक्त नातेवाईक आले, छान छान म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे द्यायला आलेली सेल्वी एका हिरव्या फोटोपुढे थबकली. तमिळमध्ये म्हणाली, "भात लावायला वाकलं की आमचा कालवा असाच दिसतो." अत्येनं तो फोटो उतरवून सेल्वीच्या हातात दिला. त्यानंतर दर वर्षी पोंगलनंतर ओसरीवर दोऱ्या बांधल्या गेल्या. कोणी येवो, न येवो.

शेवटच्या वर्षी पाय गेले. तेव्हा तिनं चाकाच्या खुर्चीत बसून कॅमेरा डोळ्याला लावला आणि रघूला बजावलं, "ढकल. मी सांगेपर्यंत थांबू नकोस." पन्नाशीचा रघू, बँकेतून आल्यावर, कालव्याच्या काठानं धापा टाकत पळायचा...

तेराव्यानंतर आम्ही दोघं तिच्या खोलीत बसलो होतो. खिडकीच्या कट्ट्यावर डब्याची झाकणं, तडकलेला आरसा, एक पाण्याचा तांब्या ओळीनं मांडलेले. प्रत्येकासमोर भिंतीवर पेन्सिलीनं वेळ लिहिलेली. चार वाजून दहा मिनिटांनी झाकणावरचं ऊन खरंच उसळून भिंतीवर चढलं. मी उठू लागले, तर रघूनं हात धरला.

"बस," तो म्हणाला. "अजून आरशाचं यायचं आहे."