मोटर कोणी बंद केली?

आधीच सांगते, हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. रागात लिहितेय, आणि तो राग अजून उतरलेला नाही. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देवही नाहीत आणि भुतंही नाहीत. लहानपणी एकदा मी म्हणाले होते की पिंपळाखाली कोणीतरी उभं होतं. आईने मला हाताला धरून त्याच पिंपळाखाली नेलं आणि म्हणाली, "दाखव." असल्या बाईची मुलगी आज या भुताखेतांच्या सदरात लिहितेय... काय ते समजून घ्या.

आई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. कालव्यांचे नकाशे उतरवून काढायचे, हे काम. खडकवासल्याहून निघालेलं पाणी कुठून कुठे जातं हे तिला तोंडपाठ होतं, आणि ते कोणी वाया घालवलं की तिचं डोकं फिरायचं. बाबा गेल्यावर ती धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहायची. मी बिबवेवाडीला, आणि मिलिंददादा, माझा मोठा भाऊ, वाकडला.

त्या बिल्डिंगची पाण्याची एक भानगड आहे, ती सांगायलाच हवी. पाणी दुपारी खालच्या टाकीत येतं, ते मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वरची टाकी भरली की कोणीतरी खाली जाऊन मोटर बंद करायची. यासाठी पाळ्या लावल्या होत्या. पाळी कोणीच पाळायचं नाही. चालू सगळे करायचे, बंद करायला मात्र कोणालाच आठवायचं नाही. मग गच्चीवरून धबधबा. शेवटी आईने ते काम स्वतःकडे घेतलं आणि जिन्याखाली स्टार्टरची जी पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप ठोकलं. जुनं पितळी कुलूप. ते नुसतं दाबून लागत नाही, किल्ली फिरवावीच लागते. पोरं किल्लीच्या भोकात काड्या घालतात म्हणून ती कुलूप नेहमी उलटं लावायची, भोक पेटीच्या बाजूला. त्यामुळे उघडताना कुलूप वळवून घ्यावं लागे आणि दर वेळी बोटं चिमटत. किल्ली एकच होती, तिच्या पर्समध्ये. दुसरी करून ठेव म्हटलं तर म्हणायची, "दुसरी झाली की परत पाळ्या सुरू होतील."

ती कपडे वाळत घालताना पडली. मेंदूत मोठा रक्तस्राव. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण जे झालं ते कुठेही झालं असतं. डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या केल्या, पुन्हा केल्या आणि आम्हाला बसवून सांगितलं. "ब्रेन डेड. मशीन श्वास देतंय म्हणून हृदय चालू आहे. त्या आता नाहीत." चांगला माणूस होता, नीट सांगितलं त्याने. आईने अवयवदानाचं कार्ड भरलेलं होतं. दादा आणि मी, दोघांनी हो म्हटलं. दादा तर म्हणाला, "आई कुठेतरी राहील."

मग दान करवून घेणाऱ्या टीमने तिचे जुने रिपोर्ट पाहिले. काही वर्षांपूर्वी तिच्यावर कॅन्सरचे उपचार झाले होते. अवयव घेता येणार नाहीत म्हणाले. ठीक आहे, तेही समजलं. मी विचारलं, मग व्हेंटिलेटर कधी काढता?

तिथून जे सुरू झालं ते ऐका. ऑफिसमधले एक साहेब होते, फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, ब्रेन डेथ जाहीर करायची ती अवयवदानाच्या कायद्याखाली. दान होणार नसेल तर आम्ही तसं जाहीर करत नाही. कागदोपत्री त्या पेशंट आहेत."

मी म्हटलं, "सकाळी मेलेल्या होत्या."

"सकाळी दान होणार होतं."

मी हे वाक्य त्यानंतर कितीतरी लोकांना ऐकवलंय. कोणाला हसू येतं, कोणाला खोटं वाटतं. किडनी दिलीत तर तुम्ही मेलात. नाही दिलीत तर जिवंत! हा कायदा कोणी लिहिला आणि लिहिताना पुढचा विचार करायला त्याला वेळ मिळाला नव्हता का?

मग काढायचं कसं? तर 'जिवंत' पेशंटचं मशीन काढायची पद्धत वेगळी. दोन समित्या बसणार. दुसऱ्या समितीवर बाहेरचा डॉक्टर नेमायचा असतो, तो अजून नेमलेलाच नव्हता. आणि घरच्यांचं एकमत हवं. "फारच घाई असेल तर घरी घेऊन जा," साहेब म्हणाले, "अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस म्हणून सही करा."

"कुठला ॲडव्हाइस? तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं ना, ती गेली म्हणून?"

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणजे घरी नेताना ॲम्ब्युलन्समध्ये नळी मी काढायची, आणि आईला मारल्याची सहीही मीच करायची. यांचे हात स्वच्छ.

आणि इथे दादा फिरला. दान होणार होतं तोवर तो ठाम होता. नुसतं बंद करायचं म्हटल्यावर त्याच्याच्याने होईना. तो दिवसभर तिचा हात धरून बसायचा. "गरम आहे गं हात," म्हणायचा. "मशीनमुळे गरम आहे, दादा." "पण गरम आहे ना?" मी त्याला ऑक्सिजन, रक्ताभिसरण, सगळं समजावलं. शिकवणं माझा धंदा आहे, पण या एका विद्यार्थ्यापुढे मी नापास झाले. तो साहेबांना सांगून आला की माझी संमती नाही. झालं! त्यांना तेवढंच हवं होतं.

अशात धायरीहून फोन आला, तळमजल्यावरच्या घुलेकाकूंचा. "बाई, किल्ली आन गं. पेटीला कुलूप हाय आन् दोन दिस झालं वर पानी न्हाय." माझी आई तिकडे अशी पडलेली, आणि यांना पाणी हवंय! मी फोनवर काय बोलले ते लिहीत नाही. पण तासाभराने आईच्या पर्समधली किल्ली घेऊन मी स्कूटरवर धायरीला निघाले होते. कारण ती असती तर गेली असती.

भर दुपार होती, ऊन रणरणत होतं. मी कुलूप उघडलं, हिरवं बटण दाबलं, उघडं कुलूप कडीत अडकवलं, किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि वर आईच्या फ्लॅटमध्ये गेले. दुसऱ्या मजल्यावर. दोरीवर अजून तिने वाळत घातलेले कपडे होते. तेवढ्यात दादाचा फोन आला. समितीचा विषय निघाला आणि आम्ही भांडलो. आयुष्यात भांडलो नव्हतो तसे. तो म्हणाला, "तुला ती नकोशी झालीय." मी म्हणाले, "तू प्रेताचा हात धरून बसलायस." बोलू नये ते दोघंही बोललो. किती वेळ चाललं माहीत नाही.

फोन ठेवला आणि मोटर आठवली. टाकी भरून वाहिली की पाणी आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरूनच खाली पडतं, ते दिसल्याशिवाय राहत नाही. खिडकी कोरडी होती. मोटरचा आवाजही नव्हता. मी धावत खाली गेले.

पेटीला कुलूप होतं. लागलेलं. भोक आतल्या बाजूला.

किल्ली माझ्या खिशात होती. काढून बघितली, तीच होती. कुलूप वळवून घेताना माझी बोटं चिमटली. आत लाल बटण दाबलेलं होतं. वीज गेलेली नव्हती, जिन्यातला दिवा जळत होता. गच्चीवर गेले तर टाकी काठोकाठ भरलेली, खाली सांडलेला एक थेंब नाही.

मग मी बिल्डिंगमधलं दार न् दार वाजवलं. पुण्यात दुपारी बेल वाजवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या मजल्यावरचे आपटेकाका जाळीमागूनच म्हणाले, "मोटर बंद करण्याइतके जबाबदार लोक इथे असते तर तुमच्या मातोश्रींना कुलूप कशाला लागलं असतं?" वरच्या मजल्यावर आयटीतली मुलं भाड्याने राहतात. त्यांतला एक डोळे चोळत म्हणाला, "दीदी, हमें तो पता ही नहीं स्विच कहाँ है." घुलेकाकू तर माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी दारातच डाळ निवडत बसलेली की. तू गेलीस वर, तवापासनं जिन्याखाली कुनी आलंच न्हाय." मग म्हणाल्या, "मोटर आपसूक बंद झाली, तवा मला वाटलं माझी मान डाळीत असताना तूच येऊन गेलीस."

मी दादाला फोन करून एवढंच म्हटलं, "इकडे ये." आवाज कसा निघाला असेल कोण जाणे, तो एक प्रश्न न विचारता आला. तोवर मी कुलूप परत जसं होतं तसं लावून ठेवलं होतं. त्याला घडलं ते सगळं सांगितलं. तो कुलपाला हात न लावता उभा राहिला.

"किल्ली एकच आहे ना?"

"एकच."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मग मी तिकडे कुणाची राखण करत बसलोय?" आणि रडायला लागला. आई पडल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता.

संध्याकाळी त्याने साहेबांसमोर संमतीची सही केली. त्यानंतर आम्ही दोघं रोज त्यांच्या दारात जाऊन बसायला लागलो, वकिलाची नोटीस पाठवली, तेव्हा कुठे तो बाहेरचा डॉक्टर नेमला गेला. समितीने लिहिलं तेच, जे पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं होतं. मशीन काढलं. दाखल्यावर मृत्यूची तारीख त्या दिवसाची आहे.

आता खुलासा. माझ्याकडे नाही. घुलेकाकूंची नजर चुकली असेल, कोणाकडे तरी चोरून केलेली दुसरी किल्ली असेल, त्याला कुलूप उलटं लावायची आईची सवयही माहीत असेल... असं म्हणून पाहते, पण एका वर्षात कोणी पुढे आलं नाही. या बिल्डिंगमध्ये कोणी चांगलं काम करून गप्प बसेल, हे तर मला भुतापेक्षाही अशक्य वाटतं.

कॉलेजात एकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आईंचा आत्मा असेल." मी म्हटलं, नाही, तसं म्हणता येणार नाही. दाखला बघ. त्या दुपारी माझी आई कायद्याने जिवंत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पलंगावर, नळ्या लावलेली, पेशंट म्हणून. भूत म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही या लोकांनी.

आणि मी तिच्यावरही रागावलेय, तेही सांगते. ती आली असेल, तर दुसऱ्यांची टाकी सांडू नये म्हणून आली. लाल बटण दाबलं, कुलूप लावलं, उलटं करून ठेवलं आणि गेली. मी दोनच मजले वर होते. दार उघडं होतं.