भरून पाठवलेले डबे

बार्शीटाकळीच्या शाळेतल्या वानखडे मॅडम नसत्या, तर दहावीनंतर मी वडिलांसोबत वीटभट्टीवर गेलो असतो. याला अमरावतीच्या कॉलेजात पाठवा, एवढं सांगायला त्या आमच्या घरी येऊन जमिनीवर बसल्या होत्या. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आता अमरावतीला पॅकर्सच्या कंपनीत सुपरवायझर आहे. परवा मॅडमचा मेसेज आला, ‘तू तिथे नेमकं काय काम करतोस?’ तो वाचला तेव्हा मी अकोल्यात एका स्वयंपाकघरात उभा होतो.

काम घटस्फोटानंतरचं होतं. प्रणालीताईंच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला आणि त्या अमरावतीला वडिलांकडे परत आल्या. लग्नात मिळालेली त्यांची भांडी, मिक्सर, कुकर सासरहून आणून आमच्या गोडाऊनमध्ये ठेवायची होती, कारण वडिलांच्या घरी जागा नव्हती. निघताना वडिलांनी बजावलं, “तिथं एक चमचा सोडू नका. अन् तिथला एक दाणा आणू नका.”

घरात सासूबाई, इंदिराबाई, एकट्याच होत्या. मुलगा नव्या बायकोसोबत दुसरीकडे राहत होता. त्यांनी सगळी भांडी घासून ओळीने मांडली होती. माझे पॅकर इरफानभाई कामाला लागले. मिक्सरची भांडी मोटरपासून वेगळी बांधायची. कुकरच्या झाकणातलं रबर, आम्ही त्याला गॅस्केट म्हणतो, काढून ठेवायचं, नाहीतर ते चिकटून बसतं. मग त्यांनी स्टीलचा मोठा डबा उचलला आणि परत खाली ठेवला.

“साहेब, हा भरलेला हाय.”

सगळेच भरलेले होते. तुरीची डाळ, ज्वारी, हळद, तिखट, वाळवणाच्या कुरोड्या.

साठवणीच्या भांड्यांचा आमचा पहिला नियम असा, की ती आतून रिकामी आणि कोरडी हवीत. धान्य राहिलं की टोके, म्हणजे धान्यातले किडे, होतात, उंदीर येतात, आणि शेजारच्या ग्राहकांचंही सामान खराब होतं.

“काकू, हे काढावं लागीन,” मी म्हणालो.

त्यांनी झाकणावर हात ठेवला. “काहून? पोरगी या घरातून चालली, अन् तिची भांडी रिकामी पाठवू?”

“गोडाऊनमधी उंदीर हायत ना, मावशी,” इरफानभाई म्हणाले. “लय हुशार हायत. कार्टनवरचं नाव वाचून बरोब्बर जातेत.”

त्या हसल्या नाहीत. “पोरगा माहा हाय. त्यानं जे केलं, त्याच्यानं तिच्या बापासमोर मले तोंड नाही राहिलं. भरून पाठवणं एवढंच माह्या हातात होतं.”

मी प्रणालीताईंच्या वडिलांना फोन लावला. “फेकून द्या,” म्हणाले आणि फोन ठेवला. फोनचा आवाज मोठा होता. इंदिराबाईंनी झाकणावरचा हात काढून घेतला.

ऑर्डर वडिलांनी दिली होती, पण सामान प्रणालीताईंच्या नावावर होतं. आमच्या धंद्यात ज्याच्या नावावर सामान, तो मालक. फेकायचं की नाही, हे वडिलांनी ठरवायचं नव्हतं आणि मीही नाही.

“काकू, गोडाऊनमधी हे ठेवता येत नाही. पण मी तिच्या हातात नेऊन देतो. तिनं घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर तुमाले फोन करून खरं सांगतो.”

त्यांनी आतून कापडी पिशव्या आणल्या आणि एकेक डबा स्वतःच्या हाताने रिकामा केला. आम्ही डबे कोरड्या फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून कार्टनमध्ये भरले. पिशव्या ड्रायव्हरशेजारी माझ्या पायाशी ठेवल्या. कुरोड्यांची पिशवी मात्र त्यांनी माझ्या मांडीवर दिली.

पुढचं मेसेजमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून मॅडमना पत्र लिहिलं. अकोल्यातली हकिकत आधी लिहिली. त्यानंतरचा मजकूर असा होता:

‘...मॅडम, दुसऱ्या दिवशी प्रणालीताई गोडाऊनवर आल्या. वडील गाडीतून उतरले नाहीत. मी मिक्सर, कुकर, डबे दाखवले. त्यांनी नीट पाहिलंही नाही. मग पिशव्या पुढे ठेवल्या आणि म्हणालो, हे काकूंनी डब्यांत भरलं होतं. नको असेल तर मला त्यांना तसं कळवायचं आहे. त्यांनी एक पिशवी उघडली. “आईची तब्येत बरी आहे ना?” एवढंच सासूबाईंबद्दल विचारलं.

पिशव्या उचलून त्या स्वतः गाडीपाशी गेल्या. वडिलांनी काच खाली केली. “काय आणलं त्या घरचं?”

“कुरोड्या हायत, बाबा. मागच्या उन्हाळ्यात मी अन् आईनं मिळून केल्या होत्या.”

वडील समोर पाहत राहिले. मग हात मागे नेऊन त्यांनी मागचं दार आतून उघडलं.

मी इंदिराबाईंना फोन केला. “घेतलं,” म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मोडल्या तं नाही ना?” थोड्या मोडल्या होत्या. तेही सांगितलं.

तर माझं काम असं आहे, मॅडम. भांडी रिकामी करायची, आणि आतून निघालेलं ज्याचं त्याला विचारायचं.

आपला विद्यार्थी,
गजानन’