कॅप्टनचा बंद केलेला आवाज

आमच्या घरात अबोला ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला आहे. आई आणि मावशी एकदा लग्नातल्या साडीवरून अडीच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्या काळात मावशी आमच्याकडे दोनदा राहूनही गेली. आई चहा गाळताना माझ्याकडे बघून म्हणायची, "विचार, साखर हवी का." मावशीही माझ्याकडेच बघून सांगायची, "अर्धा चमचा म्हणावं." विरारच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी हे सगळं नीट बघून घेतलं आणि तिशी ओलांडल्यावर एका मोबाइल गेममध्ये वापरलं. सिंगापूरची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

आम्ही चौघं विरारच्या आसपासचे, कॉलेजपासूनचे मित्र. गेमही चौघांचाच. पंचवीस चौकड्या एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जी टिकते ती जिंकते. एक मित्र माणिकपूरचा, विमा कंपनीत नोकरीला, घरातून दूध आणायला निघाला तरी यादी करणारा. दुसरा अर्नाळ्याचा. त्याच्या घरी बोट आहे, पण हा विमानतळावर कार्गोत लागला. आणि तिसरा वटारचा, आमचा कॅप्टन. तो शाळेत गणित शिकवायचा आणि शाळा सुटली की वडिलांबरोबर केळीच्या वाडीत असायचा. खेळताना कुठे उतरायचं, कधी पळायचं, कधी गप्प पडून राहायचं हे तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. मी जरा कमी ऐकायचो.

त्याच्या वडिलांना आम्ही अंकल म्हणायचो. रविवारी चर्चहून आले की ते वाडीत शिरायचे आणि मी गेलो असलो तर मलाही बरोबर न्यायचे. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, माझ्याशी मात्र रेडिओवरच्या बातम्यांसारखं मराठी. "आपण केव्हा आलात? बसावे. पाणी घ्यावे." मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला घरात 'अरे गाढवा'शिवाय कुणी हाक मारत नव्हतं. त्या 'आपण'साठी मी विरारहून वटारला वीस वेळा गेलो असेन. थंडीत ते राजेळी केळी सुकवून सुकेळी करायचे, केळीच्याच वाळलेल्या पानात बांधून द्यायचे. माझं पुडकं ते वेगळं ठेवायचे, कारण मला जास्त मऊ आवडतात हे त्यांनी एकदा ऐकलं होतं.

परदेशात जाऊन एकदा तरी आमच्या गेमची मोठी स्पर्धा समोर बसून बघायची हे आमचं दहा वर्षांपासून चाललेलं होतं. दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. अखेर सिंगापूर ठरलं. माणिकपूरच्याने व्हिसापासून हॉटेलपर्यंत सगळं केलं, ओळीने चार खुर्च्या घेतल्या आणि त्यांचे नंबर ग्रुपवर टाकले. त्या दिवशी ऑफिसात मी ते नंबर दहा वेळा तरी बघितले.

पुढच्याच महिन्यात माणिकपूरला एका हॉलमध्ये स्थानिक स्पर्धा झाली. आम्ही फायनलला पोचलो. शेवटच्या डावात कॅप्टन थांब म्हणाला, मी पळालो आणि पडलो. या गेममध्ये पडलेल्याला साथीदार येऊन उठवू शकतो. मी हाका मारत राहिलो. तो आला नाही, उरलेल्या दोघांना घेऊन पुढे गेला. तरी आम्ही हरलोच. नंतर दुसरं बक्षीस घेताना कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला तर हा सगळ्यांसमोर हसत म्हणतो, "ह्याला थांब सांगितलं की हा पळतो. ह्याच्यामुळे गेलं." हॉल हसला. त्याचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला. गेममध्ये प्रत्येकाच्या नावापुढे स्पीकरचं छोटं चित्र असतं. त्यावर बोट ठेवलं की तिरकी रेघ उमटते आणि त्या माणसाचा आवाज आपल्यापुरता बंद होतो. त्याला ते कळत नाही. आपण बोलतोय आणि सगळे ऐकतायत असंच त्याला वाटत राहतं. मी कॅप्टनच्या नावावर बोट ठेवलं. खेळायला मात्र रोज जायचो, कारण खेळ सोडला असता तर तो जिंकला असं झालं असतं. तो नकाशावर खुणा करायचा, मी त्या बघून चालायचो. मी त्याच्याशी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याचं ऐकतही नाही, हे फक्त मला माहीत होतं.

एका संध्याकाळी आम्ही चौघं खेळायला जमलो, पण डाव काही सुरू होईना. बघतो तर कॅप्टनच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका लुकलुकत होता, म्हणजे तो बोलत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. बाकी दोघं गप्प. मी उठून चिवडा घेऊन आलो तरी ठिपका चालूच. शेवटी तो थांबला. मी म्हणालो, "चला, झालं असेल भाषण तर सुरू करा."

त्या दिवशी डाव झालाच नाही. एकेक करून सगळे निघून गेले. मला वाटलं, नेट गेलं असेल.

त्यानंतर कॅप्टन खेळायला येईनासा झाला आणि बाकीचे दोघं माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. माणिकपूरच्याने एकदा फोन केला. "आता तरी बोल त्याच्याशी," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "आधी त्यानं बोलावं." त्याने फोन ठेवला. मला वाटलं, दोघंही कॅप्टनच्या बाजूने झालेत.

जायच्या तीन आठवडे आधी ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला. "मला यायला जमणार नाही. तुम्ही जा." माझं डोकंच फिरलं. दहा वर्षांचं ठरलेलं हा माझ्यावरच्या रागापायी मोडतोय, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. मी लिहिलं, "का? वाडीतली केळी पळून जाणार आहेत का?" सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या आल्या.

विमानतळावर माणिकपूरच्याने पिशवीतून सुकेळ्यांची तीन पुडकी काढली. माझ्या हातात एक देत म्हणाला, "अंकलनी दिलीत. हे तुझं वेगळं आहे." मी ते बॅगेत टाकलं. मुलगा रुसला तरी बापाला माणसं कळतात, असं काहीतरी मनात आलं आणि बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

सिंगापूरचं ते स्टेडियम मी कल्पिलं होतं त्याहून मोठं होतं. मधोमध मंच, त्यावर चौघाचौघांची टेबलं, कानांवर जाड हेडफोन लावलेली विशीतली पोरं, आणि वर सगळीकडून दिसेल असा पडदा. आमच्याच वयाचे लोक झेंडे घेऊन ओरडत होते. चौथ्या खुर्चीवर मी माझी बॅग ठेवली. पहिल्या दिवशी दुपारी एका चौकडीतला एक जण पडला. त्यांचा कॅप्टन सुरक्षित जागी पोचला होता, तरी तो मागे वळला, पडलेल्यापर्यंत गेला, त्याला उठवायला वाकला आणि दोघंही मेले. अख्खं स्टेडियम हळहळलं.

मी म्हणालो, "बघा, याला म्हणतात कॅप्टन. नाहीतर आपला."

अर्नाळ्याचा माझ्याकडे वळला. तो तसा कधी चिडत नाही. "तू मानूस आहेस का कोन आहेस?" तो म्हणाला. "सकाळी अंकलना आयसीयूत नेलाय. मेसेज वाचून दाखवला ना याने नाश्त्याला?"

नाश्त्याच्या वेळी मी रांगेत ऑम्लेट घेत होतो. "अंकलना काय झालं?" मी विचारलं.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग माणिकपूरच्याने सांगितलं. पोटाचा कॅन्सर, कळला तेव्हाच उशीर झालेला. ईस्टरनंतर कॅप्टनच्या बहिणीचं लग्न होतं आणि ते होईपर्यंत गावात कुणाला कळू द्यायचं नाही असा अंकलचा हट्ट होता. वटारमध्ये एका फोनवरचा मेसेज तासाभरात दहा घरं फिरतो, म्हणून कॅप्टनने ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. जे सांगायचं ते त्याने तोंडी सांगितलं होतं, त्या संध्याकाळी, खेळायला जमलो तेव्हा. "तुझं नाव घेऊन म्हणाला तो," माणिकपूरचा म्हणाला. "म्हणाला, त्या दिवशी माइकवर बोललो ते चुकलं. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, फक्त ऐकून घे. पप्पा तुझी आठवण काढतात, एकदा येऊन जा. आणि मग तू म्हणालास, झालं असेल भाषण तर सुरू करा."

मी त्यांना स्पीकरच्या चित्राचं सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, आजूबाजूला तेवढा गोंगाट होता. दोनदा सांगावं लागलं. अर्नाळ्याच्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. माणिकपूरचा पाणी आणतो म्हणून उठला आणि बराच वेळ परत आला नाही.

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. कॅप्टनला चार फोन केले, त्याने उचलले नाहीत. मग गेम उघडला. त्याच्या नावापुढे ती तिरकी रेघ अजून तशीच होती. मी तिच्यावर बोट ठेवलं, रेघ गेली. तो ऑनलाइन नव्हता. मला भूक लागली होती. असल्या वेळी भूक लागते याचा मला राग आला, पण मी पुडकं सोडलं आणि सगळी सुकेळी तिथे बसून खाल्ली. मऊ होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंकल गेले. माणिकपूरच्याने तिकिटं बदलायचा खूप प्रयत्न केला, पण दफन त्याच दिवशी संध्याकाळी चारला होतं, आम्ही काही केल्या पोचत नव्हतो. दुपारी ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज आला. "धावपळ करू नका. फायनल नीट बघून या. मला सांगायला कुणीतरी पाहिजे."

म्हणून आम्ही फायनलला गेलो. तिकडे चर्चची घंटा वाजत असेल तेव्हा इकडे साडेसहा वाजले होते आणि पाचवा डाव सुरू होत होता. शेजारचा एक जण ढोल बडवत होता. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकं लक्ष देऊन बघितली नाही. कोण कुठे उतरलं, कोण आधी पडलं, कोणी कोणाला उठवलं, सगळं मी तिकिटामागे बारीक अक्षरात लिहून घेतलं. अर्नाळ्याचा रडत होता. मी लिहीत होतो.

मुंबईला उतरल्यावर आम्ही घरी न जाता थेट वटारला गेलो. घरात पाहुणे होते, भिंतीवर अंकलचा फोटो लागला होता. त्यांच्या बायकोने आम्हाला जवळ घेतलं, मलाही. कॅप्टन वाडीत होता. बाकीचे दोघं म्हणाले, तू जा आधी.

तो पानवेली बांधत होता. सुटलेल्या वेली पांगाऱ्याच्या झाडाला टेकवायच्या आणि केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सालाने बांधायच्या, हे अंकलचं काम. मी मागे उभा राहिलो. म्हणालो, "मी ऐकलंच नव्हतं रे. तुझा आवाज बंद करून ठेवला होता मी. पहिल्या दिवसापासून."

त्याने गाठ पूर्ण केली. "म्हणजे पप्पांचं काहीच ऐकलं नाहीस?"

"नाही."

त्याने साल बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाला, "त्या दोघांना मी घरी जाऊन आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी मी फक्त तुलाच सांगत होतो. तू दुसरीकडे कुठे भेटतच नव्हतास."

मला माफी मागायची होती. आमच्या घरात ते कुणी शिकवलेलं नाही. तो पाठ फिरवून पुढच्या वेलीकडे वळला आणि म्हणाला, "फायनलचं सांग."

मी खिशातून तिकीट काढलं आणि पहिल्या डावापासून सुरुवात केली. तो एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर जात होता, मी तिकीट वाचत त्याच्या मागे. त्याने काही विचारलं नाही, हं म्हटलं नाही, एकदाही मागे बघितलं नाही. तो ऐकतोय की नाही हे मला कळत नव्हतं. मी बोलत राहिलो.