रुखमाचा मार

रुखमा मडावीच्या हातचा मार बोर अभयारण्याच्या जंगलालगतच्या त्या गावात निम्म्यांनी तरी खाल्ला असेल. मोहफुलं वेचणाऱ्यांची जुनी खोड: झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, म्हणजे साफ जमिनीवर पडलेली फुलं नजरेत भरतात. आग काय तिथेच थांबते थोडीच! धूर दिसला की रुखमा पळसाची ओली फांदी घेऊन धावायची. आधी आग झोडपायची, मग लावणाऱ्याला. सख्ख्या दिराचे, गुलाबचे, तिने पुढचे दात पाडले आणि वर त्यालाच शिव्या घातल्या.

"पोरगा सफारीची जिप्सी चालवते ना, म्हणून हिले जंगलाचा पुळका," लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते. दुर्गेशच्या कमाईवरच घर चालायचं. पण पर्यटकांची पहिली गाडी यायच्या कितीतरी आधी तिचा नवरा पुनाजी असाच पाला पेटवून बसला होता. वारा फिरला, आग सुटली, आणि ती विझवायला तो आत शिरला. रुखमाने त्याला ओळखलं ते हातातल्या कड्यावरून.

यंदा उन्हाळ्यात सफारीच्या रस्त्याकडेला धूर निघाला. रुखमा पोचली तर काडीपेटी घेऊन उभा दुर्गेश!

"काऊन लावली रे?"

"माय, जळल्यावर कवळं गवत फुटते. चितळं येतात, त्याइच्या मागं वाघ येते. पाहुण्याइले वाघ नाई दिसला तर आपली गाडी कोन घेईन?"

ज्या पोटासाठी जंगल राखायचं, त्याच पोटासाठी पोरगा ते जाळत होता. रुखमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फांदी उगारली, पण तेवढ्यात ज्वाळा बांबूच्या बेटाला भिडल्या. दुर्गेशचं तोंड पांढरं पडलं. "मी विझवतो," म्हणत तो आत धावला. थेट बापासारखा.

रुखमाने धावत त्याला गाठलं, कमरेची कुऱ्हाड काढली आणि दांडा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला, तरी उठून आगीकडेच निघाला. तिने दांड्याचा दुसरा तडाखा पायावर दिला आणि त्याला केसांना धरून फरफटत रस्त्यावर आणलं. मागे बांबू फटाफट फुटत होते. तिने वळूनही पाहिलं नाही. जळो मेलं जंगल.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"पडलो," दुर्गेश पुटपुटला.

"खोटं कायले बोलतं?" रुखमा खेकसली. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. "म्याच मोडला हात त्याचा. जिता हाय ना?"