अपिस्टोचं बाळंतपण

"टॉर्च बंद कर, ग्रँट."

"एकच लुक. अंडी आहेत की खाल्ली तिने?"

"तू बघितलंस तर खाईल."

ग्रँट माझा बॉस. ईस्ट टामाकीत, शहराच्या कारखान्यांच्या भागात, त्याचं शोभेच्या माशांचं गोडाऊन आहे, तिथलं ब्रीडिंग मी सांभाळते. पण तिथे फोर्कलिफ्टची धडधड. म्हणून लाजऱ्या जोड्या माउंट रॉस्किलला, माझ्या भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये टाक्यांत असायच्या. ही जोडी अपिस्टोची. ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे बोटभर मासे. मादी करवंटीच्या आत अंडी चिकटवते, पिवळीधमक होते आणि पहारा देते. या जातीचे मासे परदेशातून येणं थांबलं होतं. ही जोडी गेली की संपलं.

मादीने आधी दोनदा अंडी खाल्ली होती. ग्रँट माझ्या जवळच, हिल्सबरोला राहायचा. घरी जाताना रोज वाकून करवंटीत टॉर्च मारायचा.

"बॅड मदर आहे," तो म्हणाला. "अंडी काढ, बरणीत घाल, बुरशीचं औषध टाक. नाहीतर जोडी मी विकतो."

बरणीत पिल्लं निघतात, नाही असं नाही. पण मादी काही शिकत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा बरणी.

"अंडी हलणार नाहीत," मी म्हणाले. "तू हल."

मी बी.एस्सी. झुऑलॉजी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. पण या वेळी कामाला आलं ते कॉलेजच्या आधीचं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत उठसूट कुणी डोकावत नाही. दाराला पडदा, आत मंद उजेड. बाळ बघायचंय? बारशाला या.

मी नराला दुसऱ्या टाकीत हलवलं आणि या टाकीवर जुनी साडी टाकली.

"पुन्हा खाल्ली तर?" ग्रँटने विचारलं.

"तर जोडी घेऊन जा. मलाही काढून टाक."

"सिरियस?"

"हीप्स," मी त्याच्याच बोलीत म्हणाले. म्हणजे एकदम.

दोनच दिवसांत तो एका गिऱ्हाइकाला घेऊन हजर. मी गॅरेजच्या दारात उभी राहिले.

"कमॉन, मासे माझे आहेत!"

"मासे तुझे, गॅरेज माझं. आज नाही."

गिऱ्हाईक हसलं. ग्रँट लाल झाला, गाडीत बसून निघून गेला. नोकरी गेली असं धरूनच मी त्या रात्री जेवले.

पुढच्या शनिवारी साडीचा कोपरा उचलला. पिवळी मादी संथ पोहत होती आणि तिच्यामागे मोहरीहून बारीक पिल्लांचा ढग. ती वळली की ढग वळायचा.

मी ग्रँटला बोलावलं. तो लांबच उभा राहिला, हात खिशात घालून.

"स्वीट ॲज," तो हळूच म्हणाला, म्हणजे एकदम झकास. "नक्की केलंस काय?"

"तुला बाहेर ठेवलं."

सोमवारी त्याने गोडाऊनमधल्या ब्रीडिंगच्या टाक्यांना काळे पडदे लावले आणि स्टाफला छाती काढून सांगितलं, "ही माझी मेथड." म्हटलं, असू दे. पडदे तर लागले.

ब्रीडिंग शिकायला येणाऱ्यांना मी आता पहिल्याच दिवशी सांगते: माशांच्या आधी माणसं आवरा.