तांब्यातल्या भिंती

हातात तांब्याची तार दिल्याशिवाय सर कोणाशी नीट बोलत नसत. "वाकाड," म्हणायचे. वाकवली की, "आते सरळ कर." तुम्हीही करून पाहा. जुन्या वळणाशी तार सरळ होत नाही, शेजारीच नवा बाक येतो. सर खूश. "तठे भिंती उभ्या ऱ्हायन्यात, भाऊ."

नंदुरबारच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी इतिहास. पूर्वी मुंबईत धातूंवर संशोधन करत होते. वडील गेले आणि घरासाठी परतले.

फळ्यावर ते कपाशीचं शेत काढत. त्यात एखादी ओळ मध्येच संपलेली. धातूत अणूंच्या ओळी अशाच, आणि अर्धवट ओळीचं ते टोक म्हणजे दोष. धातू वाकवला की असे असंख्य दोष सरकतात, एकमेकांत अडकतात. काही एकमेकांना पुसून टाकतात. उरलेले दाटीनं जमून भिंती होतात. मधे मोकळ्या खोल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या ओळींचा कल किंचित वेगळा. पुढच्या दोषांची वाट अडते, म्हणून धातू कडक होतो.

"पाहिलंय का कोणी?" मी डिवचायचो.

"परदेशमा दखं. माले मन्हं तांबं दखनं शे."

मुंबईच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि जुन्या ओळखीतून बोलावणंही आलं. पण सरांना काचबिंदू होता. उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. संस्थेच्या चिटणिसांनी रजा नाकारली. आधी तपासणी, मग स्नेहसंमेलन, मग परीक्षा. एका माणसाच्या उजेडापेक्षा त्यांना पाहुण्यांसाठीच्या कमानी मोठ्या वाटल्या. हे मी आजही माफ केलेलं नाही.

एक दिवस सरांनी फळ्यावर लिहिलेल्या ओळीवरच दुसरी ओळ लिहिली. वर्गात कोणी हसलं नाही.

"रजा देत नाहीत, तर उद्यापासून शाळा बंद पाडू," मी म्हणालो.

"पोरेस्ना काय गुन्हा शे, भाऊ?"

मे महिन्यात मीच त्यांना हात धरून मुंबईला नेलं. सरांनी स्वतः घासून पातळ केलेलं तांबं यंत्रात ठेवलं गेलं. हिरव्या पडद्यासमोर सर बसले. चेहरा पडद्याजवळ नेत पुढे झुकले.

"सर, भिंती आहेत," तिथला तरुण संशोधक म्हणाला.

"मधल्या खोल्या मोकळ्या?"

"बऱ्याचशा."

मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुले दिखस ना? सांग."

मी सांगत गेलो. काळ्या दोऱ्यांचा गुंता, मधे फिकट जागा, पुन्हा गुंता. हिरवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता.

वेळ संपली. संशोधकानं यंत्र बंद केलं, पडदा काळा झाला. सर तसेच पुढे झुकलेले.

"बोल ना, भाऊ. थांबना काबर?"